हरणीची डावी बाजू

"बाई, तुमाला गाडीत वकारी होती का?"

गंगाखेडला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी मुलींच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. हातात पत्र्याची ट्रंक होती आणि दोन घरांतून नकार घेऊन मी तिसऱ्या दारात उभी होते. नामांतराच्या त्या वर्षांत आमच्याकडे खोली देणारा माणूस आधी आडनाव विचारायचा, मग गाव विचारायचा आणि मग पुन्हा एकदा आडनाव विचारायचा. त्या सगळ्याची उत्तरं मी घोकून गेले होते. ओकारीचं उत्तर काही तयार नव्हतं. होते म्हटलं, परभणीहून इथवर येतानासुद्धा झाली. मालक एकदम खूश झाले. खरं बोलणारं माणूस हाय, असं भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवून निघून गेले. भाडं किती, ते मला त्यांच्या बायकोला, मामींना, विचारावं लागलं.

गाव त्यांना मालकच म्हणायचं. ते मालक होते एका मोटार गॅरेजचे, गॅरेजमागच्या चार खोल्यांचे आणि हरणीचे. गॅरेज आणि खोल्या वडिलांकडून आलेल्या, त्यामुळे त्यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. हरणी मात्र त्यांनी स्वतः मिळवलेली. ती मिलिटरीच्या लिलावातली एक जीप होती. मालकांनी तिचं टप काढून टाकलं होतं, दारं काढली होती, मागची सीट काढून तिथे गोदावरीच्या वाळूच्या गोण्या बांधल्या होत्या. पळताना शेपूट उडू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. डोक्यावरून बोअरचा जाड लोखंडी पाइप वाकवून बसवला होता. गाडी उलटली तर माणसाचं डोकं आधी जमिनीला लागू नये हा हेतू. दोन्ही सीटना पट्टे होते, आणि ते पलंगाच्या नवारीचे होते. नवार मामींच्या पलंगाची. एके दिवशी मामी नदीवरून धुणं धुऊन आल्या तर खोलीत पलंगाचा नुसता सांगाडा उभा. तेव्हापासून त्या सतरंजीवर झोपायच्या आणि कुणी विचारलं तर गॅरेजकडे बोट दाखवायच्या.

माणूस बुटका, रुंद, आणि कायम पांढऱ्या सदऱ्यात. गाडीखाली झोपून काम करतानाही पांढरा सदरा. त्यावर डाग पडला तर आजचं काम हयगयीनं झालं, असं ते समजत आणि ज्याची गाडी असेल त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावत. गिऱ्हाईक वैतागायचं. हॉर्नवर त्यांचा विशेष राग होता. ज्याचा ब्रेकवर भरवसा न्हाई त्याची ती बोंब, असं म्हणायचे. हरणीला हॉर्न नव्हताच. पोळ्याला मात्र तिला नदीवर नेऊन धुवायचे, हेडलाइटांभोवती हिंगूळ लावायचे आणि बैलांच्या मिरवणुकीत अगदी शेवटी, मान राखून, चालत्या वेगानं न्यायचे. पुरणपोळी बॉनेटवर ठेवत. ती खायला गल्लीतली कुत्री वर्षभर वाट बघत असावीत.

आता ही जीप पळायची कुठे, ते सांगते. राणीसावरगावच्या पुढे एक लांबरुंद मुरमाड माळ आहे. उसाचा हंगाम संपून कोयत्यावर गेलेली माणसं गावी परतली की त्या बाजूला एक जत्रा भरायची आणि माळावर शंकरपट व्हायचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. एका वर्षी दोन मोठ्या घरांतली पोरं एकमेकांना चढवत बसली आणि शेवटची बैलजोडी सुटल्यावर त्यांनी बापांच्या जीपा पळवल्या. पुढच्या वर्षीपासून तो रिवाजच पडला. सगळं बैलांच्या रीतीनं. एका वेळी दोन गाड्या, तोच झेंडीवाला, पल्याडच्या एकट्या पळसाला वळसा घालून परत, आणि बाजूनं ओरडत पळणारी तीच माणसं. फक्त बापांनी नंतर आपापल्या जीपांचे तुटलेले स्प्रिंगचे पाटे पाहिले आणि पोरांना घराबाहेर काढलं. मग पोरं मालकांकडे आली. शर्यतीपुरती जीप भाड्यानं द्या म्हणाली. हरणी अशी धंद्याला लागली.

धंदा कसला, निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. जे काय भाडं यायचं ते टायरात जायचं आणि उरलं तर क्लच प्लेटीत. पेट्रोल चालवणाऱ्याचं, पण पेट्रोल ही सगळ्यात स्वस्त गोष्ट असते हे मला तिथे राहून कळलं. मोडतोडीचे पैसे मालक कधी मागत नसत. ते मोडलेला भाग गॅरेजसमोरच्या लिंबाला टांगायचे आणि त्यावर पांढऱ्या रंगानं मोडणाऱ्याचं नाव लिहायचे. येणारं-जाणारं गाव वाचायचं. एक जण तर दोन दिवसांत पैसे घेऊन आला आणि आपल्या हातानं ॲक्सल उतरवून घेऊन गेला. मामी म्हणायच्या, घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजतात ह्ये. बोलताना त्या कढईतलं कालवण अशा ढवळायच्या की बोलणं कुणाला आहे ते कढईलाही कळावं.

एक अपघात झाला तो मी यायच्या आधी. हरणी नेली होती एका शेतकऱ्याच्या मुलानं. मुलगा धाडसी, बैलजोडी हाकण्यात पंचक्रोशीत नाव. पळसाला वळसा झकास घातला, परत येताना वेगात होता, आणि समोर माणसं आडवी आली. घाबरल्यावर त्यानं काय करावं? स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून छातीशी ओढलं आणि "हौ हौ, राजा" म्हणून ओरडला. कासरा ओढला की बैल थांबतो, हे त्याच्या हातांना लहानपणापासून माहीत. ब्रेक पायात असतो हे त्याला फक्त डोक्यानं माहीत होतं आणि डोकं त्या वेळी हजर नव्हतं. हरणी सरळ कडब्याच्या गंजीत घुसली. माणसं वाचली, मुलाचं खांद्याचं हाड मोडलं.

त्याची आई दुसऱ्या दिवशी गॅरेजवर आली. मालकांना वाटलं, भांडायला आली. ती भांडली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, की मला एकदा विचारलं असतं तर. मालकांनी हे मला निदान दहा वेळा सांगितलं असेल आणि दर वेळी इथे येऊन ते पाना उचलून गाडीखाली जायचे.

तेव्हापासून नियम झाला. हरणी भाड्यानं पाहिजे असेल तर आधी मायला घेऊन यायचं. तिनं डाव्या सीटवर बसायचं, नवारीचा पट्टा बांधायचा, आणि लेकानं तिला गावाबाहेरच्या मोकळ्या रानात शर्यतीच्या वेगानं एक चक्कर मारून आणायची. खाली उतरून माय सगळ्यांसमोर "व्हय" म्हणाली तरच किल्ली. माय नसेल तर बायको. मालक या सगळ्याला जबान म्हणत. कुणी म्हणालं की माझी आई घरूनच हो म्हणालीय, तर ते म्हणायचे, "न बगता दिलेली जबान कच्ची. भोगायचं जिला हाय तिनं बसून बगाया पायजे." आणि पोर गाडी चालवताना ते बांधावर उभे राहून त्याचे हात बघायचे. घाबरल्यावर हात कासरा ओढतात की जाग्यावर राहतात, एवढंच बघायचे.

या नियमानं निम्मी गिऱ्हाइकं परस्पर गळाली. मोठ्या घरच्या बायका भर रस्त्यावरच्या गॅरेजात येणार कशा? बऱ्याच जणी हरणीकडे बघूनच कपाळाला हात लावायच्या. पण ज्या बसायच्या त्यांची मजा बघायला मी शाळेचा डबा टाकून जायचे. एक म्हातारी पूर्ण चक्करभर देवांची नावं घेत होती आणि उतरल्यावर तिला शेवटचं नाव आठवेना, म्हणून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. एकीनं उतरल्याबरोबर लेकाच्या थोबाडीत दिली, आणि मग व्हय म्हणाली.

नामांतरावरून वातावरण फार तापलं होतं, त्या वर्षी साखर कारखान्यावरचा एक तरुण ड्रायव्हर हरणी मागायला आला. तो नदीकाठच्या बौद्ध वस्तीतला होता. त्याची आई ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे. ती आली, कुणाकडे न बघता डाव्या सीटवर चढली, पट्टा आपला आपण बांधला आणि पदर दातात धरला. चक्कर झाली. हरणी थांबली. सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत, आणि ही बाई उतरेचना. म्हणाली, "आनिक एक होऊ द्या, मंग सांगते." दुसऱ्या चकरेला ती हसताना मी पाहिली. इतकं मोकळं हसू मी त्या वर्षात गावात दुसरं पाहिलं नाही.

संध्याकाळी काही मातबर मंडळी गॅरेजवर आली. त्या पोराला गाडी देऊ नका, आमची पोरं त्याच्याशी पळणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मालक चाकाचे नट आवळत होते, ते आवळतच राहिले. "त्याच्या मायनं जबान दिलीय," ते म्हणाले. "तुमच्या पोरांच्या माया कुटं हायत? आना. बसवतो." मंडळी गेली ती गेलीच. त्यांच्या जीपा, ट्रॅक्टर पुढे वर्षभर दुसऱ्या गॅरेजवर जात राहिले आणि आमच्याकडे भाकरीबरोबर भाजीऐवजी ठेचा यायला लागला. मामी एका शब्दानं बोलल्या नाहीत. कढईसुद्धा शांत होती. जत्रेत दुसऱ्या गावच्या एका जीपशी पोरगा पळाला आणि जिंकला. बक्षिसाची पितळी घागर त्याच्या आईनं डोक्यावर घेऊन माळावरून नेली.

आता खरी गोष्ट. शर्यतीची एकुलती एक तयार गाडी ज्या माणसाकडे होती, तो माणूस स्वतः एकदाही शर्यतीत पळाला नव्हता. त्यांची आई कधीच गेलेली. म्हणजे जबान मामींची. आणि मामी बसायलाच तयार नव्हत्या. दर जत्रेआधी मालक हरणी धुवून, पुसून, खिडकीसमोर आणून उभी करायचे. खोकायचे. मामी आतून म्हणायच्या, "खोकल्याला आडुळसा घ्या." नियम त्यांचाच, मोडला असता तर कोण विचारणार होतं? मी एकदा तसं म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी परीक्षेत कॉपी करायला सुचवलं होतं.

मामींना मी कारण विचारलं. आम्ही ओट्यावर शेंगा फोडत होतो. त्या म्हणाल्या, "बाई, बसलेली एक तरी माय न्हाई म्हनली का? बाजूला बसलं की लेकाचं त्वांड दिसतं. त्वांड बगून कोन न्हाई म्हनंल? म्हनून मी बसतच न्हाई." मग शेंगा फोडायचं थांबवून म्हणाल्या, "आमाला लेकरू न्हाई. मला ह्येच हायत."

असंच चाललं असतं, पण परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मालकांना काचबिंदू सांगितला. समोरचं दिसेल, पण बाजूंचं हळूहळू दिसेनासं होईल, गाडी चालवणं लवकरच बंद करावं लागेल. परत येताना एसटीत मी त्यांच्याबरोबर होते, माझी ओकारीची पिशवी सांभाळत. ते खिडकीतून मैलाचे दगड मोजत होते. मग म्हणाले, "म्हंजी औंदा न्हाई तर कदीच न्हाई." मामींना त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. शर्यतीचं सांगितलं नाही. त्या वर्षी हरणी खिडकीसमोर आणली नाही आणि खोकलेही नाहीत. मामी मात्र दोनदा खिडकीशी येऊन रस्ता बघून गेल्या.

त्या वर्षी हरणी पेडगावच्या एका तरुणाला द्यायची ठरली होती. त्याची आई जत्रेलाच येणार होती, तिथेच चक्कर आणि तिथेच जबान. मामी जत्रेला कधी येत नसत. या खेपेला मला म्हणाल्या, चला बाई, बांगड्या भरून येऊ. आम्ही गेलो. बांगड्यांच्या पालाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माळाच्या उतारावर बायका बसतात तिथे जाऊन बसल्या.

पेडगावची बाई आली. हरणीभोवती एकदा फिरली, वाळूच्या गोण्या दाबून बघितल्या, आणि लेकाचा हात धरून त्याला जिलेबीच्या दुकानाकडे घेऊन गेली. पोरगा वळून वळून बघत गेला. आता हरणी आखल्या रेषेवर एकटी उभी आणि शेजारी एका बागायतदाराची नवी जीप घुरघुरत होती. बघे मालकांना म्हणायला लागले, तुम्हीच बसा की. मालक बॉनेटला टेकून उभे होते. पांढराशुभ्र सदरा. ते म्हणाले, "मला जबान न्हाई." लोक हसले. कुणी म्हणालं, मालक, तुम्हाला कोण विचारतंय? ते पुन्हा तेच म्हणाले, जरा हळू.

माझ्या शेजारची जागा मोकळी झाली होती. मामी उतार उतरून गर्दीतून सरळ चालत होत्या. माणसं बाजूला होत गेली. त्या हरणीपाशी पोचल्या, लुगडं सावरून डाव्या बाजूनं चढल्या आणि पट्टा बांधायला लागल्या. मालकांना ते दिसलं नाही, त्यांची ती बाजू गेलेली होती. कुणीतरी त्यांना खांद्याला धरून वळवलं.

"चक्कर दावा," मामी म्हणाल्या.

हरणी निघाली. पळसापर्यंत गेली, वळली, परत आली. आयुष्यभर ज्या चकरेची वाट बघितली ती मालकांनी पोळ्याच्या मिरवणुकीच्या वेगानं मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तरी मला हसू आवरेना. गाडी थांबल्यावर मामी पुढे बघत म्हणाल्या, "ह्येला पळवनं म्हंत्यात व्हय? मी व्हय म्हनते. पर मी उतरनार न्हाई. आता खरं पळवा." झेंडीवाल्यानं मालकांकडे बघितलं, मालकांनी मामींकडे. मग कुणीतरी मामींच्या वजनाइतकी म्हणून वाळूची एक गोणी मागून उतरवली.

ते हरले. चांगलेच हरले. पण पळसाच्या वळणावर हरणीची दोन चाकं उचलली गेली आणि उतारावरच्या सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या, त्यांच्यात मीही होते. बागायतदाराची जीप केव्हा पोचली ते कुणीच बघितलं नाही. हरणी धुळीतून आली तेव्हा मालक हसत होते की रडत होते, धुळीनं कळत नव्हतं. सदऱ्याचा रंग मातीचा झाला होता. मामींचा अंबाडा सुटला होता आणि त्या हातानं तो तसाच धरून बसल्या होत्या.

मालकांनी श्वास घेतला आणि म्हणाले, झालं, आता माझं पळणं संपलं. मामी पट्टा सोडता सोडता म्हणाल्या, "तुमचं संपलं. फुडच्या साली मी चालवनार. तुमी हितं बसा, आन् व्हय का न्हाई ते सांगा."

आम्हाला वाटलं, बोलण्याच्या भरात बोलल्या. पावसाळा संपल्यावर त्या खरंच शिकायला लागल्या. गावात हसायचं ते हसून झालं. मालक बाहेरून शिकवायचे, हरणीच्या बाजूनं चालत, हात हलवत. शिकवायला आत बसत नसत. नियम म्हणजे नियम, जबानीच्या दिवशीच बसायचं. जत्रेच्या आधी एका सकाळी मामींनी त्यांना बोलावलं. त्यांनी धुतलेला सदरा घातला, डाव्या बाजूनं चढले, पट्टा बांधला. गल्लीतल्या माणसांबरोबर मी बांधावर उभी होते. मामींनी हरणी अशी सोडली की बांधावरचं टिटवीचं जोडपं ओरडत उडालं. मालकांनी दोन्ही हातांनी डोक्यावरचा पाइप गच्च धरलेला मला शेवटपर्यंत दिसत होता.

उतरल्यावर ते बांधावर येऊन बसले. मी पाणी दिलं. ते सगळं प्यायले आणि म्हणाले, "बाई, येवढ्या मायांना मी त्या जाग्यावर बसवलं. मी सोता कदी बसलो नव्हतो. लय भ्या वाटतं हो तितं."

मग आता काय सांगणार, मी विचारलं.

"व्हय म्हनायचं," ते म्हणाले. "त्या समद्या म्हनल्याच की." आणि उठून मामींना सगळ्यांसमोर सांगायला गेले.